सायकलपूजेचा प्रसाद

सायकल या विषयावर मला कुणी काही शिकवू नये. माझा जन्म कोल्हापूरचा आणि शिक्षण पुण्याचं, त्यामुळे आत्मविश्वास दोन्हीकडून आलेला. शाळेत असताना मी हात सोडून सायकलवरून रंकाळ्याला चक्कर मारायचो, हे मी आयर्लंडमध्ये भेटलेल्या प्रत्येक माणसाला सांगितलेलं आहे. त्यानंतर पंचवीस वर्षं सायकलला हात लावला नव्हता, हे सांगायची वेळ कधी आली नाही. तोवर समोरचा माणूस हवामानावर बोलायला लागलेला असायचा.

तर २०२०च्या ऑक्टोबरात, सगळं जग घरात बसलेलं असताना, मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की येत्या दसऱ्याला आपलं अख्खं कुटुंब सायकलवरून सीमोल्लंघन करणार. सरकारने पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी केली होती, त्यामुळे सीमा कुठे आहे हे निदान त्या वर्षी नक्की ठाऊक होतं.

आधी रस्त्याबद्दल सांगतो. आम्ही राहतो डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकनमध्ये, एकसारख्या घरांच्या वसाहतीत. घरं इतकी एकसारखी की पहिल्या वर्षी मी दोनदा शेजाऱ्याच्या कुलपात किल्ली फिरवली होती. इथे कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी लोक गाडी काढतात. पण कोविड आला, बसमध्ये जेमतेम चौथा हिस्सा माणसं बसवायचा नियम आला, आणि काउंसिलने उन्हाळ्यात आमच्या वसाहतीपासून ॲडम्सटाउन स्टेशनपर्यंत सायकलींसाठी रस्त्याच्या कडेने एक पट्टी राखून दिली. नुसती रंगवली नाही, तर गाड्यांच्या बाजूला कमरेएवढ्या उंचीचे प्लास्टिकचे खांब रोवले. खांबांच्या अलीकडे सायकल, पलीकडे गाडी. ऑक्टोबर संपेपर्यंत हा प्रयोग चालणार होता. त्याच्या शेवटी काउंसिलच्या बैठकीत मतदान करून ठरायचं होतं, पट्टी ठेवायची की खांब उपटायचे.

वसाहतीत लगेच दोन तट पडले. उपटा म्हणणाऱ्यांचा पुढारी होता काउंसिलर डेक्लन. तो खांबांपाशी उभा राहून व्हिडिओ काढायचा आणि विचारायचा, "इथून कोण जातं सांगा बरं? एक तरी माणूस दाखवा." एकदा हे विचारत असताना त्याच्या मागून माझी बायको घंटी वाजवत गेली. तेवढा भाग त्याने नंतर कापला. त्याच्याच पक्षात आमच्या समोरची नोरीन होती. सत्तरीची बाई, एक म्हातारा कुत्रा आणि एक लहानशी गाडी. नवरा होता तेव्हापासून त्यांची गाडी ज्या जागी लागत आली होती, नेमके तिथे खांब आले. तेव्हापासून तिने सायकलवाल्यांना "हॅलो" म्हणणं सोडलं होतं, आणि आयर्लंडमध्ये यापलीकडे शिक्षा नाही.

आता बायकोबद्दल. नीलिमा डॉक्टर आहे, शहरातल्या एका हॉस्पिटलात. तिची ड्रायव्हिंग टेस्ट कोविडमुळे दोनदा पुढे गेली होती. भरलेल्या बस तिच्यासमोरून न थांबता जायच्या. म्हणजे रोज पहाटे तिला स्टेशनवर सोडायचं काम माझं. मी पायजम्यावर जॅकेट चढवून गाडी काढायचो. तोंडाने मी कधी कुरकुर केली नाही, जी काय केली ती गिअर टाकताना केली. पट्टी झाली तशी नीलिमाने एका नर्सकडून जुनी सायकल घेतली आणि एकटी जायला लागली. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी हेल्मेट काढता काढता ती म्हणाली, "शशी, या देशात आल्यापासून आज पहिल्यांदा मी कुणालाही न विचारता कुठेतरी गेले आणि आले." मी "वा" म्हणालो. माझ्या डोक्यात वाचलेली झोप होती. पण तिचे डोळे भरून आले होते, ते मला दिसलं होतं. खांब उपटले तर ट्रकच्या शेजारून सायकल हाणायची तिची हिंमत नव्हती, आणि माझीही तिला सांगायची नव्हती.

माझी स्वतःची सायकल मी मे महिन्यात मागवली होती. त्याच आठवड्यात जगातल्या सगळ्यांनी मागवली, म्हणून ती दसऱ्याच्या तोंडावर आली. हेल्मेट, हातमोजे आणि भडक पिवळं जॅकेट मात्र आधीच आलं होतं. ते घालून मी घरात फिरायचो. अकरा वर्षांची स्वरांगी म्हणायची, "डॅड, यू लुक लाइक अ हायलायटर." सात वर्षांचा राजस काही म्हणायचा नाही, नुसता हसायचा. मार्चपासून माझं ऑफिस वरच्या खोलीत होतं. त्यामुळे पहाटेची ती गाडीतली फेरी सोडली तर मी बाहेर पडत नव्हतो, आणि त्याआधीही ये-जा गाडीतूनच असल्यामुळे वसाहतीत मला कुणी धड पाहिलेलं नव्हतं. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

घरात आणखी एक व्यक्ती होती, माझी आई, अलकनंदाबाई. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यामुळे राहिली. आई पक्की कोल्हापूरची, म्हणून तिकडच्या सगळ्या बायकांसारखी "मी करतो, मी जातो" असंच बोलते.

"नवी सायकल हाय. पूजा केल्याबिगर चाक फिरवायचं न्हाई," तिने सांगितलं.

"करू की. दारातच करू," मी म्हणालो.

"दारात कशाला? जिथं चालणार तिथं करायची. आन् त्या खांबांची पण करायची."

"खांबांची?"

"मग? वरीसभर जे आपल्याला राखतं त्याची दसऱ्याला पूजा असती. तुझ्या बाबांनी गिरणीच्या पट्ट्याला सुदिक हळदकुंकू लावलंय. माझ्या सुनेला गाड्यांपासून राखणारे खांब हाईत ते. मी करतो, तू गप हुबा ऱ्हा."

दसरा रविवारी आला. रविवारी सकाळी आम्ही सगळे सायकली घेऊन निघालो. पाऊस भुरभुरत होता. नोरीनच्या घरासमोर रस्ता जरा रुंद आहे, तिथला खांब आईने पसंत केला. सुपरमार्केटातल्या पिवळ्या शेवंतीचा हार तिने रात्रीच ओवून ठेवला होता, तो खांबाला बांधला. मग ती रस्त्यावर स्वस्तिक काढायला वाकली, तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले. युरोपात त्याचा अर्थ फार वेगळा होतो, हे तिला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी ती कबूल झाली, पण स्वस्तिकाची भरपाई म्हणून तिने सगळा करंडा ओल्या रस्त्यावर रिकामा केला. पावसाच्या पाण्याबरोबर कुंकू पट्टीभर पसरलं. नारळ कडेच्या दगडावर फोडला. माझ्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.

"आता हळू चिरडून पुढं जा," आई म्हणाली.

"हळू? मी हात सोडून जातो, बघ."

पुढचं चाक लिंबावर चढलं, मागचं ओल्या पानांवर घसरलं, आणि मी या दोन्हींच्या मधून खाली आलो. घोट्यातून अशी कळ गेली की मला कोल्हापूर आणि पुणं एकदम दिसलं. नीलिमा सायकल टाकून धावली आणि गुडघ्यावर बसून माझा पाय चाचपू लागली. आईने दोन्ही हात आकाशाकडे नेऊन हंबरडा फोडला, "आता गं बया, माझं पोरगं!" राजसने भोकाड पसरलं. माझ्या तोंडावर पाऊस पडत होता, म्हणून नीलिमाने अंगातला कोट काढून माझ्यावर घातला, डोक्यापासून पायापर्यंत. कोट तोंडावर यायच्या आधी मला एवढंच दिसलं की नोरीनच्या खिडकीतला पडदा हलला.

मग नीलिमाने घरून गाडी आणली आणि दोघींनी मला उचलून मागच्या सीटवर आडवा टाकला. गाडी नीलिमा चालवत होती. तिच्याकडे शिकाऊ परवाना होता, आणि तेवढ्यावर चालवायची तर सोबत लायसन्सवाला माणूस लागतो. माणूस मागे आडवा असला तरी लायसन्स त्याच्या खिशात होतं, एवढ्यावर आम्ही समाधान मानलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, घोटा मुरगळला होता. आठवडाभर पाय टेकायचा नाही. घरी आलो तेव्हा अंधार झाला होता, त्यामुळे मला आत नेताना कुणी पाहिलं नाही. आणि या गडबडीत हार, फुटका नारळ, चेपलेलं लिंबू आणि ते सगळं लाल पाणी जिथल्या तिथे राहून गेलं.

सोमवारी राजस बाहेरून आला आणि म्हणाला, "देअर्स अ टेडी ॲट अवर पोल."

आई उठून बघून आली. तिचा चेहरा उजळला होता. "काय रं शशी, किती गुणी माणसं ही! आपली पूजा बघून त्यांनी पण फुलं वाहिली. एकानं तर कागदासकट वाहिलीत."

आता तिला चेव चढला. ती सकाळ-संध्याकाळ न्हाऊन, फिकट पातळ नेसून, उदबत्ती घेऊन खांबापाशी जायला लागली. मी पाय स्टुलावर ठेवून खिडकीतून बघायचो. लोक रस्त्याच्या पलीकडे दोन मीटरचं अंतर ठेवून थांबायचे, टोप्या काढायचे आणि माना खाली घालायचे. मंगळवारी तर नोरीन स्वतः दाराबाहेर आली, छातीवर हात ठेवून म्हणाली, "सॉरी फॉर युवर ट्रबल." आईला वाटलं, लेकाच्या पायाची चौकशी करतेय. तिने पिशवीतून कोपऱ्यावरच्या बर्चचं एक पिवळं पान काढलं. आपटा इथे मिळत नाही. "टेक गोल्ड," ती म्हणाली. "स्टे लाइक गोल्ड." नोरीनने ते पान छातीशी धरलं आणि ती रडायला लागली. आईसुद्धा रडली. तिला कुणी रडताना दिसलं की ती कारण विचारत बसत नाही.

सोमवारपासूनच दारात जेवणं यायला लागली होती. घंटी वाजायची, उघडेपर्यंत माणूस फाटकाबाहेर आणि पायरीवर झाकलेलं भांडं. ॲपल टार्ट, सोडा ब्रेड, पुन्हा ॲपल टार्ट. फ्रिज भरला, सगळे प्रेस भरले. आमची मुलं कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. नुसता पाय मुरगळला म्हणून एवढी माया! आयरिश माणसाबद्दल माझं मत एकदम उंचावलं. तिसरं टार्ट खाताना दुसराही पाय मुरगळून बघावा असं मनात येऊन गेलं.

मंगळवारी संध्याकाळी स्वरांगी फोन घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली. "डॅड," ती म्हणाली, "डोन्ट फ्रीक आउट. दे थिंक यू आर डेड."

"कोण?"

"एव्हरीवन."

इथे रस्त्यावर अपघातात कुणी गेलं की लोक त्या जागी फुलं बांधतात, मेणबत्त्या लावतात, लहान मुलं टेडी ठेवतात. हे मी चार वर्षांत शंभर वेळा गाडीतून पाहिलं होतं आणि दर वेळी हळहळलो होतो. आपल्या खांबाशी त्याचा काही संबंध लागेल हे डोक्यात आलं नाही. आता स्वरांगीच्या फोनवर वसाहतीचा ग्रुप वाचताना सगळं उलगडलं; "सॉरी फॉर युवर ट्रबल" हे इथे मयताच्या घरच्यांना म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. नोरीनने खिडकीतून पाहिलं होतं: माणूस पडला, बायको गुडघ्यावर बसली, आई आक्रोश करू लागली, कपडा तोंडावरून ओढला, आणि गाडी निघून गेली. नंतर रस्त्यावर राहिलं ते लाल पाणी आणि फुलं. बायको दिसते, मुलं दिसतात, आजी सारखी फिकट कपड्यांत येऊन फुलं वाहते. दिसत नाही तो नवरा. एकाने शंका काढली होती की मृत्युवार्तांच्या वेबसाइटवर तर काही नाही. त्याला तिघांनी झापलं, "त्यांच्यात एका दिवसात उरकतात, जरा आदर ठेव."

गंमत म्हणजे माझ्या मरणाचा दोन्ही तटांना उपयोग झाला होता. उपटा म्हणणारे लिहीत होते, बघा, या पट्टीने माणूस मारला. ठेवा म्हणणारे लिहीत होते, खांब प्लास्टिकचे म्हणून गेला बिचारा, काँक्रीटचे असते तर वाचला असता. लिंबाचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. दोघांनी खांबाच्या दोन बाजूंना वेगवेगळी फुलं ठेवली होती. डेक्लनने सोमवारी उपट्यांच्या बाजूने गुच्छ ठेवला आणि मंगळवारी पलीकडच्या बाजूला मेणबत्ती लावली. म्हणजे त्याचं मन अजून ठरत नव्हतं.

"मी आत्ता बाहेर जातो आणि सांगतो," मी खुर्चीला धरून उठलो.

तेवढ्यात नीलिमा ड्यूटीवरून आली. तिने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "बस खाली."

"अगं, लोक मला मेलेला समजतायत."

"माहितेय. नोरीन फाटकापाशी भेटली."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. पण तिने मला बोलू दिलं तर ना. म्हणाली, 'तुझा नवरा त्या वाटेवर गेला आणि तू तरी रोज पहाटे त्याच वाटेने आमची आजारी माणसं सांभाळायला जातेस. त्या खांबांना हात लावेल त्याची गाठ माझ्याशी आहे.' शशी, तिच्या गाडीची जागा गेली होती त्या खांबांपायी. आणि तिनेच डेक्लनला फोन करून सुनावलंय. मतदान शुक्रवारी आहे."

"मग?"

"मग काही नाही. तू तसाही मार्चपासून कुणाला दिसलेला नाहीस."

"म्हणजे मी मेलेलाच राहू?"

"मी डॉक्टर आहे. तू गेलास असं मी कुणाला सांगणार नाही. कुणी विचारलं तर जिवंत आहे म्हणून स्पष्ट सांगेन. आता या देशात असं तोंडावर कुणी विचारत नाही, त्याला मी काय करू?"

"माझ्यापेक्षा तुला ती पट्टी मोठी झाली?" मी दुखऱ्या आवाजात विचारलं. पायाचं दुखणंही त्यात होतं.

नीलिमाने हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "तू मला सोडायला यायचास तेव्हा रस्ताभर एक शब्द बोलायचा नाहीस. मला पुढे दिवसभर पेशंट बघायचे असायचे, आणि मी गाडीत बसून तुझ्या मूडची काळजी करायचे. आता मी गाणं म्हणत जाते. मोठ्याने. मला ते सोडायचं नाहीये, शशी."

गिअरचा आवाज तिला ऐकू येत होता तर. मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी पाय परत स्टुलावर ठेवला आणि शुक्रवारपर्यंत मेलेला राहायचं कबूल केलं.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी भडकली. "माझ्या लेकाला मेला म्हणत्यात? आन् मी त्यांना सोनं वाटलं?" पण खांब जाणार की राहणार हे यावर आहे म्हटल्यावर ती शांत झाली. "शुक्कारपर्यंतच नव्हं? मग बस की आत. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं." आणि तिने मला आणखी एक टार्टचा तुकडा कापून दिला. उदबत्ती लावायचं मात्र तिने सोडलं नाही. ती खांबाची आहे, तुझी न्हाई, म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी शोकसभा झाली. जमावाला बंदी होती, म्हणून सगळे आपापल्या दारात मेणबत्ती घेऊन उभे राहिले. मी वरच्या खोलीत दिवा मालवून, पडद्याच्या फटीतून बघत होतो. एकेक जण आपल्या दारातून मोठ्याने दोन शब्द बोलत होता. कुणी म्हणालं, तो कधी हात केल्याशिवाय पुढे गेला नाही. कुणी म्हणालं, पाऊस असो वारा असो, तो सायकलवर असायचाच. कोपऱ्यावरच्या माणसाने तर सांगितलं की मी त्याचं वायफाय दुरुस्त करून दिलं होतं. त्या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. माझं नाव कुणालाच नीट येत नव्हतं, "युवर मॅन", म्हणजे इथल्या बोलीत "तो माणूस", असंच सगळे म्हणत होते. पण आवाज खरे होते. शेवटी सगळे गप्प उभे राहिले, रस्ताभर दिवे लुकलुकत होते, आणि खरं सांगतो, मला माझ्याबद्दल भरून आलं. इतक्या चांगल्या माणसाशी चार वर्षांत आपली साधी ओळख झाली नाही याचं वाईट वाटलं. खालच्या मजल्यावर नीलिमा दारात उभी होती. ती वर आली तेव्हा तिचाही चेहरा रडवेला झाला होता. तिला कसलं रडू येत होतं ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी काउंसिलची बैठक ऑनलाइन झाली. कुणालाही बघता येत होती, म्हणून मी स्वरांगीच्या नावाने आत शिरलो, कॅमेरा बंद ठेवून. डेक्लन काळा टाय लावून आला होता. तो म्हणाला, मी पहिल्या दिवसापासून या पट्टीच्या बाजूने आहे, आणि प्लास्टिकचे खांब काढून तिथे काँक्रीटची कड बांधली पाहिजे. त्याच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती झाली नाही. ठराव एकमताने मंजूर. मग अध्यक्षांनी माझ्यासाठी एक मिनिट शांतता पाळायला सांगितलं. मी खुर्चीला धरून उभा राहिलो. म्यूट होतोच.

खाली नीलिमाने राजसला उचलून गोल फिरवलं. मग वर येऊन मला मिठी मारली आणि म्हणाली, "आता तू जिवंत हो."

मी शनिवारीच जिवंत होणार होतो. पण शनिवारी हॅलोवीन होता. त्या रात्री मेलेली माणसं फिरायला निघतात अशी इथली समजूत आहे, तेव्हा स्वरांगीने मला हात जोडून एक दिवस थांबायला लावलं. रविवारी सकाळी मी पिवळं जॅकेट घातलं, हेल्मेट चढवलं, मास्क लावला, आणि लंगडत सायकल हातात धरून रस्ता ओलांडला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आधी माफी मागायची, मग लिंबाचं सांगायचं. नोरीन आपल्या कुत्र्याला घेऊन फाटकातच उभी होती. त्या वयाच्या बाईला धक्का बसला तर नीलिमा घरीच आहे, एवढाच धीर होता.

मी दोन मीटरवर थांबलो आणि मास्क खाली केला.

नोरीन माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे हळूहळू भरून आले. "तू त्याचा भाऊ," ती म्हणाली. "क्वारंटाइनमध्ये होतास वाटतं, म्हणून दिसला नाहीस इतके दिवस."

"नाही, नोरीन. मी भाऊ नाही. मीच तो."

तिने डोळे मिटून मान हलवली. "ठाऊक आहे रे मला, लव्ह. तुमच्यात तसं मानतात. किती छान आहे ते."

"तसं नव्हे. मी खरंच तो आहे. मी मेलोच नाही."

"कोण मरतं खरं म्हणजे," नोरीन म्हणाली, आणि नवरा ज्या बाजूला गाडी लावायचा तिकडे तिने पाहिलं. "माझाही अजून इथेच आहे. मी रोज बोलते त्याच्याशी." मग डोळे पुसून तिने माझ्याकडे नीट, वरून खालपर्यंत पाहिलं. "चेहरा अगदी त्याचा आहे. पण तो उंच होता. आणि सायकलवर बसला की काय दिसायचा! रोज हात करायचा मला." तिने कुत्र्याची साखळी मनगटाला गुंडाळली. "राहशील ना थोडे दिवस? तिच्यासाठी, मुलांसाठी?"

पाठ केलेलं भाषण मी तिथेच सोडून दिलं. कुत्रासुद्धा माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता.

"हो," मी म्हणालो. "राहीन म्हणतो."

"ग्रँड," नोरीन म्हणाली. "थांब, तुला टार्ट देते."

मी टार्ट सायकलच्या हँडलवर सांभाळत घरी आलो. नीलिमा दारात हेल्मेटचा पट्टा लावत होती, तिची दुपारची ड्यूटी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, तो माझ्यापेक्षा उंच होता."

नीलिमाने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"होता थोडा," ती म्हणाली, आणि गाणं म्हणत निघून गेली.